पॉइंट काढून ठेवा, बल्ब आमचा आम्ही लावू

मंडळी, गेल्या महिन्यात आपलं न्यूज पोर्टल दीड दिवस बंद होतं. त्याची तीन कारणं मला चहाच्या टपरीवर ऐकायला मिळाली. एक, पत्रकाराने सर्व्हरचं भाडं थकवलं. दोन, कुणा पुढाऱ्याला बातमी झोंबली म्हणून त्याने बंद पाडलं. तीन, पत्रकार मॅनेज झाला. तिन्ही खोटी आहेत. भाडं भरलेलं आहे. पुढाऱ्यांना आपल्या पोर्टलची एवढी भीती असती तर तालुक्यातले रस्ते बरे असते. आणि मॅनेज व्हायचं म्हटलं तरी अजून कुणी विचारायला आलेलं नाही.

खरं कारण एक फाईल होती. साडेसात जीबीची. ती मी लिहिली नव्हती, मला ती नको होती आणि ती तयार होतेय हेही मला माहीत नव्हतं. आज त्या फाईलवर बोलायचंय. विषय कॉम्प्युटरचा आहे म्हणून पुढे सरकू नका. तो फिरून तुमच्या आधार नंबरापर्यंत येतो.

आमच्या साप्ताहिकाचे पंधरा वर्षांचे अंक जुन्या फॉन्टमध्ये पडून आहेत. ज्यांनी डीटीपी केलंय त्यांना हे दुखणं माहीत आहे. कृतिदेव म्हणा, श्रीलिपी म्हणा, त्या काळातला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण कॉम्प्युटरच्या पोटात तो भलत्याच चिन्हांत साठवलेला असतो. ज्या मोबाईलमध्ये तो फॉन्ट नाही तिथे उघडला की नुसती किडामुंगी. शोधायचं म्हटलं तर सापडत नाही, पोर्टलवर टाकायचं म्हटलं तर टाकता येत नाही. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

हे बदलायचं काम करणारी एक लायब्ररी माझ्या शाळेतल्या मित्राच्या मुलाने लिहिली. लायब्ररी म्हणजे वाचनालय नव्हे. एकाने लिहून इतरांसाठी खुला ठेवलेला तयार कोड. ज्याला सॉफ्टवेअर बनवायचंय तो हा तयार कोड आपल्यात जोडून घेतो, सगळं पहिल्यापासून लिहीत बसत नाही. पोराची दहावी उमरग्यात, बारावी लातूरला, इंजिनिअरिंग पुण्यात, आता नोकरी हिंजवडीत. सुट्टीच्या दिवसांत बसून त्याने हे केलं आणि जगासाठी फुकट ठेवलं. मला अभिमान वाटला. मीच बातमी लावली होती, फोटोसकट. त्यामुळे आज जे लिहितोय त्यात माझाही वाटा आहे, हे आधीच कबूल करतो.

आमच्या पोर्टलचं काम बघणाऱ्याने ती लायब्ररी जोडली आणि जुने अंक बदलायला लावले. आठवडाभर काम सुरळीत चाललं. मग एका सकाळी पोर्टल उघडेना. सर्व्हरची डिस्क शंभर टक्के भरलेली. डेटाबेसला एक अक्षर लिहायला जागा नाही, म्हणून सगळं ठप्प. शोधता शोधता ती साडेसात जीबीची फाईल सापडली.

ती लॉग फाईल होती. लॉग म्हणजे नोंदवही. सॉफ्टवेअर चालताना काय काय घडलं ते ओळीओळीने लिहून ठेवतं: अमुक वाजता अमुक उघडलं, अमुक ठिकाणी चूक आली. ऑफिसातलं आवक-जावक रजिस्टर असतं ना, तसंच. या लायब्ररीने ओळ बदलण्याआधी ती ओळ लिहिली, बदलल्यावर पुन्हा लिहिली आणि मधल्या प्रत्येक अक्षराच्या बदलाची वेगळी नोंद केली. पंधरा वर्षांच्या अंकांत अक्षरं किती असतील, हिशेब करा.

नुसती मोठी नोंदवही लिहिली असती तर मी पोस्ट लिहिली नसती. डिस्क भरली, पुसली, विषय संपला. पण त्या लायब्ररीने आणखी दोन गोष्टी केल्या होत्या, आणि त्याही न विचारता.

पहिली. पायथन भाषेत अख्ख्या सॉफ्टवेअरची मिळून एक मुख्य नोंदव्यवस्था असते. तिची घडी ज्याचं सॉफ्टवेअर आहे त्याने बसवायची असते. या लायब्ररीने आत पाय ठेवल्या ठेवल्या ती घडी स्वतःच बसवून टाकली. सगळं टिपायचं, बारीकसारीक सुद्धा, आणि माझ्याच फाईलमध्ये. तिथे एक मेख आहे. ही घडी एकदा कुणी बसवली की नंतर नेहमीच्या पद्धतीने बसवायला गेलेल्या दुसऱ्याचं काही चालत नाही. आमच्या पोर्टलची स्वतःची सूचना गुपचूप बाजूला पडली. जिथे चुका बघायच्या ती आमची फाईल कोरी. आम्ही कोरी फाईल बघून खूश, की सगळं छान चाललंय.

दुसरी. नोंदी रंगीत, सुबक दिसाव्यात म्हणून त्याने लॉगिंगचं एक वेगळं पॅकेज सोबत जोडलं होतं. यालाच डिपेंडन्सी म्हणतात. हे पॅकेज घेतलं की त्याच्यासोबत ते पॅकेजही येणारच. वर त्याने अट घातली होती की त्याची अमुक एकच आवृत्ती चालेल, पुढची नाही, मागची नाही. पायथनच्या एका मांडणीत एका पॅकेजची एकच आवृत्ती राहते. आमच्या पोर्टलला त्याच पॅकेजची नवी आवृत्ती लागत होती. भांडण लागलं आणि दोन महिने आमचं सुरक्षेचं अपडेट अडकून पडलं. कशासाठी? नोंदी रंगीत दिसाव्यात यासाठी.

मी पोराला फोन लावला.

"काका, चुका शोधायला सोपं जावं म्हणून ठेवलं होतं. काढायचं राहून गेलं."

"अरे, पण माझ्या सर्व्हरवर फाईल कुठे करायची हे तू कसं ठरवलंस?"

"काका, फुकट आहे ना ते. कोड उघडा आहे. बघून घ्यायचं होतं त्यांनी."

ही पोस्ट या "फुकट आहे ना" वर आहे.

माझा डिप्लोमा पत्रकारितेचा. कोड मला येत नाही. पण पोरगं गुणी आहे. सुट्टीला गावी आलं तेव्हा तीन संध्याकाळी माझ्या ऑफिसात बसून त्याने मला सगळं समजावलं, स्वतःची चूकही. त्यातून मला जे कळलं ते वायरमनच्या भाषेत सांगतो.

घर बांधताना वायरमन येतो. तो भिंतीतून वायर नेतो आणि जिथे जिथे दिवा लागेल तिथे पॉइंट काढून ठेवतो. बल्ब कुठला लावायचा, पांढरा की पिवळा, पाच वॅटचा की साठ वॅटचा, लावायचा की नाही, हे घरमालक ठरवतो. उद्या असा वायरमन आला की त्याने पॉइंटसोबत आपल्या पसंतीचा बल्ब भिंतीत सिमेंटने पक्का केला, मीटरही आपलाच बसवला आणि म्हणाला, "मजुरी घेतली नाही ना, मग कशाला बोलता?" तर तुम्ही काय कराल? मजुरी घेतली नाही म्हणून भिंत त्याची होत नाही.

लायब्ररी लिहिणारा हा वायरमन आहे. "इथे काहीतरी नोंदण्यासारखं घडलं" एवढं त्याने सांगावं. तो झाला पॉइंट. ती नोंद कुठे जाईल, किती बारीक असेल, कोणत्या साधनाने लिहिली जाईल आणि किती दिवस राहील, हे ज्याचं सॉफ्टवेअर आहे तो ठरवेल. तो झाला बल्ब. पॉइंटसोबत बल्ब चिकटवून देणं ही मदत नाही. आपल्या हायवेच्या कडेला जे चालतं त्याला आपण जो शब्द वापरतो तोच इथेही लागू आहे: अतिक्रमण.

आणि हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. सॉफ्टवेअरच्या जगात हा नियम जुना आहे. पायथनच्या अधिकृत दस्तऐवजातच लायब्ररी लिहिणाऱ्यांना बजावलंय की आपल्या लायब्ररीच्या नोंदव्यवस्थेला काहीही न लिहिणारा रिकामा हँडलर सोडून दुसरा कुठलाही हँडलर जोडू नका. जावा भाषेत एसएलएफ-फोर-जे नावाची एक मधली पट्टी आहे. लायब्ररीने फक्त त्या पट्टीशी बोलायचं, मागे खरी नोंद कोण लिहिणार हे शेवटचं सॉफ्टवेअर बनवणारा ठरवतो. ज्या चेकी ग्युल्जूने लॉग-फोर-जे हे जावाचं गाजलेलं लॉगिंग साधन सुरू केलं, त्यानेच पुढे ही पट्टी बनवली. ज्याने बल्ब बनवला त्यालाच पुढे होल्डर वेगळा करावासा वाटला, यातच सगळं आलं. रस्ट ही भाषा अलीकडची, तिच्यातही तीच रीत. तीन वेगवेगळ्या भाषांची माणसं फिरून एकाच नियमावर आली. का आली असतील?

याचं उत्तर जगाला डिसेंबर २०२१ मध्ये मिळालं.

लॉग-फोर-जेची दुसरी पिढी जगभरातल्या कंपन्यांत, बँकांत, सरकारी यंत्रणांत वापरात होती. सांभाळणारे बहुतेक अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनचे स्वयंसेवक, आपली नोकरी करून उरलेल्या वेळात काम करणारे. अलिबाबा कंपनीच्या क्लाउड सुरक्षा गटातल्या संशोधकाने २४ नोव्हेंबर २०२१ ला त्यातलं एक भोक त्यांना कळवलं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते जगजाहीर झालं. धोक्याच्या मापावर त्याला १० पैकी १० गुण मिळाले.

भोक काय होतं? समजा ऑफिसात आवक रजिस्टर लिहिणारा कारकून आहे. आलेल्या अर्जावर जे लिहिलंय ते रजिस्टरात उतरवणं एवढंच त्याचं काम. एका अर्जावर कुणीतरी लिहिलं, "अमुक घरी जा, तिथलं गाठोडं आण आणि साहेबांच्या कपाटात ठेव." शहाणा कारकून ते वाक्य उतरवेल आणि पुढच्या अर्जाकडे वळेल. हा कारकून वाक्य उतरवता उतरवता उठला, त्या घरी गेला, गाठोडं आणलं आणि कपाटात ठेवलं. लॉग-फोर-जे अगदी हेच करत होतं. नाव, संदेश, पत्ता अशा कुठल्याही रकान्यात विशिष्ट पद्धतीची ओळ कुणी टाकली आणि ती नोंदवहीत गेली, की सॉफ्टवेअर बाहेरच्या सर्व्हरवरून परका कोड आणून चालवायचं. माइनक्राफ्ट या खेळाच्या गप्पांच्या खिडकीत नुसती एक ओळ टाइप करून लोकांनी सर्व्हर ताब्यात घेतले. त्याच महिन्यात बेल्जियमच्या संरक्षण मंत्रालयाच्या नेटवर्कवर याच मार्गाने हल्ला झाला. ही सोय २०१३ मध्येच आत घातली गेली होती. आठ वर्षं नोंदवहीतच चोरवाट होती.

आता आपल्या मुद्द्याला लागून असलेली गोष्ट नीट वाचा. लॉग-फोर-जेचे दोन मुख्य भाग होते. एक नुसता पॉइंट, त्याला एपीआय म्हणतात. दुसरा खरी नोंद लिहिणारा, त्याला कोअर म्हणतात. भोक कोअरमध्ये होतं, एपीआयमध्ये नव्हतं. ज्या लायब्ररीवाल्याने शिस्तीने फक्त पॉइंट काढला होता, त्याच्या लायब्ररीतून हे भोक कुणाच्या घरात गेलं नाही. ज्याने बल्ब चिकटवून दिला होता, त्याने सोबत भोकही पोहोचवलं.

आकडेच सांगतो. गुगलच्या गटाने जावाची पॅकेजेस मोजली तेव्हा आधी आकडा निघाला ३५ हजारांच्या वर. मग लक्षात आलं की एपीआयवर अवलंबून असलेली पॅकेजेसही त्यात धरली गेलीत. फक्त कोअर ओढून आणणारी मोजली, तर आकडा १७ हजारांवर आला. निम्म्याच्या आसपास फरक. शिस्त पाळली तर काय वाचतं, ते या फरकात दिसतं.

त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट. यातल्या ८० टक्क्यांहून जास्त पॅकेजेसमध्ये हे भोक थेट जोडलेलं नव्हतं. कुणाच्या तरी कुणीतरी ओढून आणलेलं, कुठे कुठे पाच पातळ्या खाली. घरमालकाला पत्ताच नाही.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्यांना आठवते, त्यांना हे वेगळं सांगायला नको. मी तेव्हा शाळेत होतो. विसर्जन उरकून लोक झोपले होते. आपल्याकडची घरं बाहेरून कशी दिसायची? दोन-दोन हात रुंद दगडी भिंत, वर मातीचं माळवद. किल्ल्यासारखी भक्कम. भिंतीच्या आत मात्र मातीत बसवलेले लहानमोठे दगड, बाहेरच्या आणि आतल्या पदराला बांधणारं काही नाही. ते कोसळल्यावर कळलं. माणसांच्या जिवाची आणि कोडची बरोबरी मी करत नाही, तसा अर्थ कुणी काढू नये. पण "आत काय भरलंय?" हा प्रश्न आधी विचारायचा असतो, हे ज्या मातीने शिकवलं, त्या मातीतल्या पोरांनी तो कोड लिहितानाही विचारावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

कुणी म्हणेल, २०२१ ची गोष्ट आता शिळी झाली. मग ताजी घ्या. ८ सप्टेंबर २०२५. जावास्क्रिप्टच्या जगातली १८ पॅकेजेस एकाच झटक्यात दूषित झाली. सांभाळणाऱ्याला खोटा ईमेल पाठवून त्याचं खातं पळवलं होतं. त्यात दोन नावं मोठी होती: डीबग आणि चॉक. डीबग हे नोंदी लिहायचं छोटं साधन, चॉक हे पडद्यावरच्या ओळी रंगवायचं. या अठरांची मिळून आठवड्याची डाउनलोड २०० कोटींच्या वर. चोरांनी आत घातलेला कोड क्रिप्टो व्यवहारातला पैसे घेणाऱ्याचा पत्ता गुपचूप बदलायचा. काही तासांत पकडलं गेलं म्हणून निभावलं. नोंदी लिहायचं आणि रंगवायचं साधन, आणि तिथून चोर घरात. आमच्या पोराने काय जोडलं होतं? नोंदी रंगवायचं पॅकेज. हसावं की रडावं?

आता आधार नंबराकडे येतो.

पोराच्या लॅपटॉपवर त्याने मला एक ईमेल दाखवला. कुठल्यातरी पतसंस्थेच्या सभासदांची जुन्या फॉन्टमधली यादी युनिकोड करायला कुणीतरी हीच लायब्ररी वापरली होती. मध्येच अडलं, म्हणून तिथल्या ऑपरेटरने मदत मागितली आणि सोबत लॉग फाईल जोडून पाठवली. साधा, सरळ माणूस. चूक शोधायला लॉग लागतो हे त्याला माहीत होतं, लॉगमध्ये काय आहे हे माहीत नव्हतं. त्यात अकराशे सभासदांची नावं, खाते क्रमांक, आधार नंबर, मोबाईल नंबर. प्रत्येक ओळ दोनदा, बदलण्याआधीची आणि नंतरची. त्यातलं एक नाव माझ्या ओळखीचं निघालं. बाजाराच्या दिवशी मी ज्यांच्याकडून भाजी घेतो, त्या मावशींचं. त्यांचा खाते क्रमांक हिंजवडीतल्या एका लॅपटॉपवर होता आणि दोघांनाही ते ठाऊक नव्हतं. ना मावशींना, ना त्या पोराला. त्याने ती फाईल तेव्हा उघडून नीट पाहिलीही नव्हती.

पोराने ती फाईल माझ्यासमोर पुसली आणि त्या ऑपरेटरला कळवलं. पण अशा किती फायली कुठे कुठे पडल्या असतील, कोण सांगणार?

हे फक्त छोट्यांचं होतं असंही समजू नका. मे २०१८ मध्ये ट्विटरने जाहीर केलं की पासवर्ड झाकायच्या आधीच अंतर्गत लॉगमध्ये उघडे लिहिले जात होते, आणि ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं. पुढच्या वर्षी मार्चमध्ये फेसबुकने कबूल केलं की कोट्यवधी पासवर्ड त्यांच्या अंतर्गत यंत्रणेत वाचता येतील असे पडून होते. जिथे इंजिनिअरांची फौज आहे तिथे हे घडतं. मग ज्या संस्थेत एक ऑपरेटर आणि एक कुलर आहे, तिथे काय होत असेल?

आता आक्षेप. पोराने आणि त्याच्या मित्रांनी माझ्याशी भरपूर वाद घातला. त्यांचे मुद्दे मांडतो, लपवत नाही.

"लॉग नसेल तर चूक सापडणार कशी?" बरोबर आहे. मी नोंदीच्या विरोधात नाही. माझी निम्मी पत्रकारिता नोंदवहीवर चालते. माहिती अधिकारात आवक रजिस्टरची नक्कल मागून मी बातम्या केल्यात. नोंद हवीच. पण रजिस्टर ज्या ऑफिसचं, त्याच ऑफिसच्या कपाटात हवं. बाहेरून आलेल्या माणसाने स्वतःची वही उघडून त्यात आमची माहिती उतरवू नये.

"नवशिक्याला सोय होते. जोडलं की सगळं आपोआप दिसतं." सोय कुणाची, हा प्रश्न आहे. लिहिणाऱ्याला शोधायला सोपं जातं, ही लिहिणाऱ्याची सोय. ती त्याने आपल्या कॉम्प्युटरवर करावी. नवशिक्यासाठी माहितीपत्रात चार ओळी लिहा: नोंदी बघायच्या असतील तर असं असं करा. कळ मालकाच्या हातात द्या.

"तो पॉइंटसुद्धा शेवटी डिपेंडन्सीच आहे." हा मुद्दा मला पटला. मधली पट्टीही कुणीतरी बनवलेली असते आणि तिच्याही आवृत्त्या बदलतात. एसएलएफ-फोर-जेच्या दुसऱ्या पिढीत मागच्या साधनाशी जोडायची पद्धतच बदलली आणि जुनी जोडणी चालेनाशी झाली. म्हणून माझं म्हणणं आणखी एक पाऊल पुढे आहे. लहान लायब्ररीला नोंदीची गरजच काय? चूक आली तर चूक म्हणून परत द्या, ज्याने बोलावलं तो बघून घेईल. फॉन्ट बदलणाऱ्याने फॉन्ट बदलावा. पायथनसारख्या भाषेत लॉगिंग भाषेसोबतच येतं, बाहेरून काही आणावंच लागत नाही. आणि जिथे बाहेरचा पॉइंट घ्यावाच लागतो, तिथे नुसता पॉइंट घ्या आणि "ही एकच आवृत्ती" असा हट्ट धरू नका.

"फुकट आहे ना." हा शेवटचा आणि सगळ्यात लाडका मुद्दा. बाळांनो, तुमच्या कष्टाचा मला आदर आहे. सुट्टी मोडून जगासाठी काही करणं सोपं नाही. पण सप्ताहाच्या पंगतीतलं जेवण फुकटच असतं. म्हणून आचारी त्यात वाटेल ते टाकत नाही. उलट जास्त जपतो, कारण खाणारा विश्वासाने पानावर बसलेला असतो. तुम्ही पैसे घेत नाही हे तुमचं मोठेपण. ते निष्काळजीपणाचं लायसन नाही.

आणि कायदा कुणाला धरतो ते बघा. देशाच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने, सर्ट-इनने, २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले. संस्थांनी आपल्या यंत्रणेचे लॉग १८० दिवस सुरक्षित जपायचे आणि ठरावीक प्रकारचे सायबर हल्ले लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीची नीट काळजी घेतली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हे सगळं कुणावर येतं? ज्या संस्थेकडे लोकांची माहिती आहे तिच्यावर. लायब्ररी लिहिणाऱ्यावर नाही. मग जबाबदारी ज्याची, निर्णयही त्याचाच हवा. जबाबदारी पतसंस्थेची आणि नोंदवही कुठे लिहायची हे ठरवणार हिंजवडी, हे कुठल्या न्यायात बसतं?

पण सगळं बिल पोरांच्या नावावर फाडलं तर मी खोटा ठरेन. घेणारेही कमी दोषी नाहीत. आमच्या पोर्टलने ती लायब्ररी जोडताना कुणी आत बघितलं? कुणी नाही. मी त्या पोराला एकदा तरी विचारलं का, की बाबा, तुझ्या या कामाला काही हातभार लावू? नाही. फोटो छापला आणि मोकळा झालो. लॉग-फोर-जे कोसळलं तेव्हा ज्यांनी त्याच्यावर अब्जावधींचा धंदा उभा केला होता, ते त्या स्वयंसेवकांना ईमेलवर जाब विचारायला सगळ्यात पुढे होते. फुकट घेताना रांग आणि तुटल्यावर आरडाओरड. गावातल्या सार्वजनिक हापशासारखंच. पाणी सगळ्यांना हवं, वायसर बदलायला कुणी येत नाही.

म्हणून दोन्हीकडच्यांना सांगतो.

आपल्या भागातून पुण्या-हैदराबादला गेलेल्या आणि लायब्ररी प्रसिद्ध करणाऱ्या पोरा-पोरींना:

१. पॉइंट काढा, बल्ब लावू नका. नोंद करायचीच असेल तर भाषेतली किंवा सर्वमान्य मधली पट्टी वापरा. खरी नोंद लिहिणारं साधन सोबत पाठवू नका. ते चाचणीसाठी लागलं तर चाचणीपुरतंच ठेवा.
२. दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या मुख्य नोंदव्यवस्थेला हात लावू नका. आपल्या नावाची वेगळी नोंद ठेवा आणि मालकाने कळ दाबेपर्यंत गप्प राहा.
३. माणसाचा मजकूर लॉगमध्ये टाकू नका. "४१२ व्या ओळीत चूक आली" एवढं पुरे. ४१२ व्या ओळीत कुणाचा आधार नंबर आहे ते नोंदवायची गरज नाही.
४. प्रसिद्ध करण्याआधी एका कोऱ्या मांडणीत आपलीच लायब्ररी बसवून बघा. सोबत काय काय येतंय ती यादी वाचा. ज्याचं कारण सांगता येणार नाही ते काढा.

आणि आपल्या भागातल्या पतसंस्था, सोसायट्या, शाळा, दवाखाने, आमच्यासारखी पोर्टलं, ज्या ज्या ठिकाणी लोकांची नावं-गावं कॉम्प्युटरमध्ये आहेत, त्यांना: सॉफ्टवेअर घेताना गुत्तेदाराला आत काय काय घातलंय त्याची लेखी यादी मागा. सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा यादीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात. ही काही माझी फॅन्सी मागणी नाही. बिस्किटाच्या पुड्यावर मैदा किती, साखर किती हे लिहिलेलं असतं. लाखाचं सॉफ्टवेअर घेताना तेवढंही विचारायचं नाही? आणि मदत मागताना लॉग फाईल कुणाला पाठवायची असेल, तर आधी स्वतः उघडून बघा. त्यात तुमच्या सभासदाचं पोट असू शकतं.

पोराने गेल्या रविवारी नवी आवृत्ती टाकली. रंगीत पॅकेज काढलं, फाईल काढली, नोंदी गप्प केल्या. लायब्ररी आकाराने कमी झाली आणि काम तेवढंच करते. "काका, आता बातमी लावा," म्हणाला. ही तीच बातमी आहे, बाळा. फोटो या वेळी नाही.

पण जुनी आवृत्ती एकदा बाहेर पडली की परत बोलावता येत नाही. ज्यांनी ती जोडलीय त्यांच्या कॉम्प्युटरवर ती आत्ताही लिहीत बसली असेल, न विचारता, ओळ अन् ओळ. तुमच्याकडे जुने फॉन्ट बदलायचं कुठलंही सॉफ्टवेअर चालत असेल, तर आज जेवायच्या आधी एकदा डिस्कमध्ये डोकावा. नको ती जाडजूड फाईल सापडली तर कुणाला फॉरवर्ड करू नका. मलाही नको. आधी ती लिहिणं बंद करा, मग पुसा.

मावशींना मी अजून सांगितलेलं नाही. पुढच्या बाजारच्या दिवशी सांगेन. काय शब्दांत सांगायचं, तेवढं सुचवा.